उत्क्रांती पाठ करू नका, वंशवृक्ष काढा

माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चुकला, असं तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत म्हणाले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. दोन्ही वेळा शास्त्रज्ञांनी निषेध केला आणि तो रास्तच होता. पण धडा परत आला की काम झालं, हे मात्र मला मान्य नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहेच. ते शिकून पास झालेल्यांपैकी किती जणांना मंत्र्यांच्या आक्षेपाला उत्तर देता येईल? अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे अशी पुराव्यांची यादी पाठ होते. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा, ते हाताला कळत नाही. ते वंशवृक्ष काढूनच कळतं.

मंत्र्यांच्या आक्षेपाचा निकाल पहिल्याच आकृतीत लागतो. आजचं माकड आणि आजचा माणूस दोघेही फांद्यांच्या टोकांवर असतात; समाईक पूर्वज खाली, फाटा फुटतो तिथे. चुलतभाऊ कधी आपला आजोबा नसतो.

यावर काही शिक्षक म्हणतील, हे पीएचडीवाल्यांचं काम, मुलांना झेपणार नाही. झेपतं. बेडूक, सरडा, मगर, कोंबडी आणि मांजर घ्या. मुलं दिसण्यावरून सरडा आणि मगर लगेच एकत्र बसवतील. मग तक्ता करायला सांगा. मगरीचं हृदय कोंबडीसारखं चार कप्प्यांचं, सरड्याचं तसं नाही. मगर आणि कोंबडी दोघींच्या जठरात अन्न दळणारा जाड स्नायूंचा भाग असतो. मग खवल्यांचं काय? ते सरड्या-मगरीच्या जुन्या पूर्वजांपासूनच चालत आलेले, त्यामुळे त्यांवरून जवळचं नातं ठरत नाही. नातं ठरतं नव्याने आलेल्या समान लक्षणांवरून, हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडलेला नियम मुलांना इथे स्वतःच सापडतो.

खरी गोची मांजर करतं. त्याचंही हृदय चार कप्प्यांचं! मग ते मगरीशेजारी बसवायचं? पण सरडा, मगर, कोंबडी या तिघांच्या खवल्यांत, पिसांत, नख्यांत जे बीटा-केराटिन सापडतं, ते मांजरात नाही. सगळी लक्षणं एकत्र तोलली की मांजराची फांदी वेगळी पडते आणि तसलं हृदय दोनदा स्वतंत्रपणे घडलं, हे मान्य करावं लागतं. परस्परविरोधी पुरावे तोलणं म्हणजेच विज्ञान, आणि ते या एका तासिकेत घडतं.

दुसरा आक्षेप जास्त तयारीचा: समाईक पूर्वज गृहीत धरूनच झाड काढता, मग त्यातून तोच सिद्ध कसा होणार? उत्तर गणितात आहे. ४ प्रजातींची झाडं १५ प्रकारे काढता येतात, १० प्रजातींची ३ कोटी ४४ लाखांहून अधिक प्रकारे. नातं नसतं तर हाडांवरून काढलेलं झाड आणि प्रथिनांवरून काढलेलं झाड जुळायचं काही कारण नव्हतं. फिच आणि मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये केवळ सायटोक्रोम-सी या प्रथिनावरून २० प्रजातींचं झाड काढलं, तर ते शरीररचनेवरून काढलेल्या झाडाशी बऱ्याच अंशी जुळलं. त्यात कासव मात्र सापाऐवजी पक्ष्यांजवळ गेलं. तेव्हा ती विसंगती वाटली. आज जनुकांचा पुरावाही कासवाला पक्षी आणि मगरींजवळच बसवतो.

तिसरा आक्षेप, झाडं सारखी बदलतात. बदलतात, पण लहरीने नव्हे. दातांवरून देवमाशाला मेसोनिकिड नावाच्या लुप्त मांसाहारी प्राण्यांजवळ बसवलं होतं. डीएनएने त्याला पाणघोड्याजवळ नेलं. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आदिम देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचं हाड सापडलं, तेही गाय-हरणांसारख्या समखुरी प्राण्यांचं. पाणघोडा त्यांच्यातलाच. पुरावा आल्यावर बदलणं हा दोष असेल, तर न्यायालयातली अपीलंही बंद करावी लागतील.

म्हणून शिक्षण मंडळाला एकच मागणी. ‘उत्क्रांतीचे पुरावे लिहा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी पाच प्राणी आणि त्यांच्या लक्षणांचा तक्ता द्या, वंशवृक्ष काढायला सांगा, आणि तोच का काढला याच्या कारणांना निम्मे गुण ठेवा. परीक्षेत आलं की वर्गात शिकवलं जाईलच.