फळ्यासमोर कोण उभं राहणार?

बनारसच्या सीर गोवर्धनपूरमध्ये मी भाड्याच्या खोलीत राहते. संत रविदासांचं जन्मस्थान मानली जाणारी ही वस्ती बनारस हिंदू विद्यापीठाला अगदी लागून आहे. माघ पौर्णिमेला पंजाबहून भाविकांचे लोंढे येतात, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी संध्याकाळी वस्तीतली काही मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. परवा त्यांच्यातल्या बारावीच्या एका मुलीने विचारलं, "दीदी, तुम्ही एवढं शिकलात, मग मास्तरकीच का निवडली? अधिकारी का नाही झालात?"

मी तिला नेहमीचं उत्तर दिलं. शिकवायला आवडतं, मुलांमध्ये मन रमतं वगैरे. ती गेली आणि मलाच ते उत्तर पोकळ वाटलं. बी.एड.च्या प्रवेशापासून प्राध्यापकाच्या मुलाखतीपर्यंत आपण सगळे हेच सांगत आलोय. पवित्र पेशा, समाजसेवा, राष्ट्राची उभारणी. आपल्या घरातला पहिला पदवीधर या पेशाकडे खरोखर का वळतो, हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

माझं सांगते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात शिकलेली माणसं तीनच दिसायची: तलाठी, ग्रामसेवक आणि शाळेतले गुरुजी. पहिले दोघे काम असेल तेव्हा यायचे. गुरुजी रोज यायचे. वडील सालगडी होते, आई रोजंदारीवर निंदणी-खुरपणीला जायची. वकील, पत्रकार, संशोधक काय करतात हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं. आईचं स्वप्न एकच: "पोरगी बाई झाली पाहिजे." बाई म्हणजे शाळेतली बाई. सावलीत बसायचं, महिन्याला पगार घ्यायचा, आणि पाटलाच्या पोरानेही 'नमस्ते बाई' म्हणायचं. हे निवडणं खऱ्या अर्थाने निवडणं नव्हतं. जेवढं दिसत होतं त्यातलं सगळ्यात उंच ते आम्ही मागितलं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एवढंच कारण असतं तर मी कधीच दुसऱ्या वाटेला लागले असते. चौथीत असताना एका शिक्षकाने माझी वही हातात न देता लांबून जमिनीवर टाकली होती. सातवीत दुसऱ्या एका बाईंनी स्वतःचा शब्दकोश मला देऊन टाकला आणि परत मागितला नाही. वर्गात उभा असलेला माणूस एका हालचालीने मुलाला काय बनवू शकतो, हे मी दोन्ही बाजूंनी भोगलं आहे. आपल्यातले बरेच जण याच कारणाने शिक्षक होतात. ज्या जागेवरून आपल्याला दुखावलं गेलं, त्या जागेवर आपल्याला उभं राहायचं असतं.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच ओळखली होती. हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतले जवळपास सगळे शिक्षक ब्राह्मण असल्याकडे बोट दाखवलं. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगराला किंवा सुताराच्या हत्याराला हात लावायला लाजणार नाहीत आणि खालच्या मानलेल्या थरांत सहज मिसळतील असे असावेत, ही त्यांची मागणी होती. शाळा काढली की काम संपलं असं त्यांनी मानलं नाही. वर्गात कोण शिकवतो, हा प्रश्न त्यांनी तेवढाच मोठा मानला. बाबासाहेबांनीही १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम सुरू केलं, तेव्हा सहकारी प्राध्यापकांना त्यांनी त्याच माठातलं पाणी प्यावं हे चाललं नाही. पदव्या परदेशातल्या होत्या, खुर्ची सरकारी होती, तरी माठ वेगळा.

आता बनारसची गोष्ट, कारण आपल्या पेशाचा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा झगडा याच शहरातून सुरू झाला. याच विद्यापीठाच्या शिक्षक भरतीच्या जाहिरातीला आव्हान देणारी याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हा घटक धरता येणार नाही. प्रत्येक विभाग वेगळा धरावा. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं पत्र काढलं.

ऐकायला हा तांत्रिक बदल वाटतो. त्याचा हिशेब करून पाहा. संपूर्ण विद्यापीठ घटक धरलं की दोनशे बिंदूंची नामावली लागते. तिच्यात ३० जागा अनुसूचित जातींच्या, १५ अनुसूचित जमातींच्या आणि ५४ ओबीसींच्या, म्हणजे पंधरा, साडेसात आणि सत्तावीस टक्के बरोबर बसतात. विभाग घटक धरला की तेरा बिंदूंची नामावली लागते. तिच्यात ओबीसीचा क्रम चौथ्या जागेला येतो, अनुसूचित जातीचा सातव्या आणि अनुसूचित जमातीचा चौदाव्या जागेला. आता एखाद्या विभागात एक प्रोफेसर, दोन असोसिएट आणि चार असिस्टंट प्रोफेसर असतील तर? प्रत्येक संवर्ग वेगळा मोजला जातो. म्हणजे त्या सात जागांपैकी एक जागा ओबीसीला मिळेल. दलित आणि आदिवासी उमेदवाराला एकही नाही. आरक्षणाचा कायदा जागेवर राहतो, फक्त जागा गायब होतात.

सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१९ ला अपील फेटाळलं, २७ फेब्रुवारीला पुनर्विचार याचिकाही फेटाळली. ५ मार्चला देशभर बंद पुकारला गेला. विद्यार्थी, तात्पुरते शिक्षक, संघटना रस्त्यावर आल्या. दोनच दिवसांनी, ७ मार्चला केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि जुलैमध्ये त्याचा कायदा झाला. विद्यापीठ पुन्हा घटक झालं. काही संशोधन संस्था मात्र या कायद्यातून वगळल्या गेल्या. हे दान नव्हतं, ते लढून परत मिळवलेलं होतं, आणि लढणाऱ्यांत पहिल्या पिढीतले पदवीधर मोठ्या संख्येने होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या विद्यापीठात फिरोज खान यांची संस्कृत साहित्याचे सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाली. संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायातले काही विद्यार्थी धरण्यावर बसले. मुसलमान माणूस आम्हाला इथे शिकवू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निवड नियमानुसारच आहे, असं प्रशासन सांगत राहिलं. डिसेंबरमध्ये फिरोज खान कला संकायाच्या संस्कृत विभागात गेले. ज्ञान होतं, पदवी होती, निवडही झाली होती; आडवं आलं ते जन्माचं गणित. मेरिटच्या गप्पा मारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

मलाही ही भिंत लागली आहे. एका महाविद्यालयात राखीव जागेसाठी मुलाखत दिली. नेट झालेलं, पीएच.डी. झालेली, निबंध छापलेले. समितीतल्या एकाने आडनाव दोनदा विचारलं, विषयावर एकच प्रश्न. यादी लागली तेव्हा त्या जागेपुढे शेरा होता, योग्य उमेदवार आढळला नाही. आज मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि सुट्टीत मला पगार नसतो. महाराष्ट्रातले मित्र सांगतात की तिकडे मुलाखतीआधीच 'किती देणार' हा प्रश्न येतो. बापाने जमीन विकून ते पैसे भरावेत अशी अपेक्षा असते, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या बापाकडे विकायला जमीनही नसते.

मग का निवडायचा हा पेशा? याचं उत्तर देण्याआधी एक कटू गोष्ट आपल्या लोकांबद्दलही बोलली पाहिजे. नोकरी लागताच वस्ती सोडणारे, आडनाव बदलणारे, मुलांना 'शाळेत जात सांगू नको' म्हणणारे गुरुजी आपल्यातही आहेत. त्यांची भीती मला कळते. पण आपला माणूस वर्गात पोहोचून तिथल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीची वही लांबूनच तपासणार असेल, तर फक्त हात बदलला. फुल्यांची अट जन्मापाशी संपत नव्हती. नांगराची लाज नसणं आणि लोकांत मिसळणं हेही त्यांनी मागितलं होतं. ती अट आपल्यालाही लागू आहे.

म्हणून या वाटेला निघालेल्यांना तीन गोष्टी सांगते. अर्ज भरण्याआधी त्या संस्थेची बिंदुनामावली मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. नेट-सेटच्या अभ्यासाइतकाच वेळ ती वाचायला शिकण्यात घाला. दुसरं, नोकरीसाठी पैसे मोजू नका. मोजलेत तर पुढची वीस वर्षं तुम्ही संस्थाचालकाचे कर्जदार राहाल. तिसरं, आपल्या विद्यार्थ्यांना मास्तरकीशिवायची दारंही दाखवा. आपल्याला एकच दार दिसलं, त्यांना दहा दिसू देत. मग त्यांच्यातला जो शिक्षक होईल तो खरंच निवडून होईल.

काल ती मुलगी पुन्हा आली. मी तिला सांगितलं, "अधिकारी व्हायचं असेल तर जरूर हो. मी शिकवते, कारण चौथीत माझी वही लांबून टाकली गेली होती, आणि तुझी वही मला हातात घ्यायची होती." ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने वही उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "यातलं तिसरं गणित चुकतंय, बघा ना."

जय भीम.