लाल अधिक निळा म्हणजे जांभळा?

आमच्या उर्दू शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत, म्हणून तो तास माझ्याकडे आला. मी उर्दू-मराठीचा माणूस. फळ्यावर लिहून दिले: लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग, लाल आणि निळा मिळून जांभळा. सहावीतल्या एका मुलाने रंग कालवले आणि म्हणाला, "सर, ये तो चॉकलेटी हुआ." मी रागावलो, ब्रश धुऊन पुन्हा करायला लावले. पुन्हा चॉकलेटीच.

चूक माझी होती. त्याच्या पेटीतला लाल शेंदरीकडे झुकणारा होता, म्हणजे त्यात पिवळ्याची झाक. निळा मिसळताच तिन्ही रंग एकत्र आले आणि मळले. किरमिजी लाल घेतला की जांभळा बराच नीट उतरतो. (हा शब्द उर्दूतही आहे, किरमिज नावाच्या किड्यापासून काढलेल्या रंगावरून.) चाररंगी छपाईत तर लाल-निळ्याऐवजी मॅजेंटा आणि सायन असतात, जोडीला पिवळा व काळा. आपली ईदची हिरवीगार कार्डे त्यातूनच निघतात. हिरवी शाई वेगळी लागत नाही, सायन आणि पिवळा एकावर एक पडले की झाले.

तरी परीक्षेत 'जांभळा' लिहिणाऱ्याला गुण मिळतात आणि डोळ्यांनी पाहिलेले सांगणाऱ्याला आपण गप्प बसवतो. रंगचक्र पाठ करून घेण्यापेक्षा दोन प्रकारचे लाल मुलांपुढे ठेवावेत. कागद थोडे जास्त खर्च होतील, होऊ देत.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली. त्याला तो चॉकलेटी आवडलाच होता. त्याने त्यात बकरा रंगवला.