कॅल्शियमची गोळी आणि पोटरीतला गोळा

पोटरीत गोळा आला की औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी आणायची, हा अनेक घरांतला रिवाज. स्नायूला कॅल्शियम लागते हे खरेच. पण ते तिथे नेमके काय करते, हे पाहिले की या घरगुती उपायातली गफलत कळते.

कॅल्शियमची करामत उघड झाली ती पाण्याच्या घोटाळ्यातून. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत. १८८३ साली त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की आधीचे द्रावण डिस्टिल्ड वॉटरचे नव्हतेच, नळाच्या पाण्याचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थंडावले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच ते चालवत होते!

कॅल्शियम हे कसे करते, ते कळायला आधी स्नायू आखडतो कसा हे उलगडावे लागले. १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. स्नायू आखडतो तेव्हा त्यातले तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवर सरकतात, असे दोघांचेही म्हणणे. मायोसिनच्या जाड तंतूला असंख्य मुंडकी असतात. रस्सीखेचीतल्या हातांसारखी ती ॲक्टिनचा बारीक तंतू धरतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा धरतात. एक ओढ जेमतेम मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. एरवी धरायच्या जागा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाने झाकलेल्या असतात. मज्जातंतूचा निरोप आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते, ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटते आणि जागा मोकळ्या होतात. हे ट्रोपोनिन १९६० च्या दशकात टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी शोधले.

आखडण्याइतकेच सैल पडणेही खर्चाचे. मुंडक्याची पकड सुटायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो. कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरणारा पंपही दर दोन आयनांमागे एक एटीपी खातो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, पकडी सुटत नाहीत, म्हणून प्रेत ताठरते.

म्हणजे स्नायू कॅल्शियम खाऊन संपवत नाही. तेच ते आत-बाहेर फिरवतो. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडादातांत असते आणि रक्तातली पातळी घसरू लागली, तर पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ती हाडांतून भरून काढते. ही व्यवस्था कोलमडली, तर मज्जातंतू चेकाळतात आणि हाताची बोटे आखडतात. तेव्हा कॅल्शियम द्यावेच लागते, पण तो आजार रक्ततपासणीने ओळखायचा असतो, अंदाजाने नव्हे.

रात्रीच्या गोळ्यामागे बहुधा निराळीच कारणे असतात: दमणूक, गरोदरपण, लघवी वाढवणारी औषधे. कित्येकदा कारण सापडतही नाही. उलट मनाने घेतलेल्या गोळ्यांनी मुतखड्याचा धोका वाढू शकतो. त्यापेक्षा पावलाचा चवडा नडगीकडे ओढून पोटरी ताणावी; बहुतेकांना तेवढ्याने आराम पडतो, तोही फुकटात.