ऊसाचा फड आणि सेमिनरीची वाट
१९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्हा येतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुलेही सोबत गेली की त्यांची शाळा सुटते. अशा घरातील तरुणाला प्रभूचे पाचारण झाले, तर श्रद्धा दृढ असूनही बारावीची पायरी त्याला अवघड ठरते. उच्च शिक्षणास पात्र ठरविणारे शालेय शिक्षण झाल्याशिवाय धर्मगुरुपदाचे मुख्य प्रशिक्षण सुरू होत नाही.

पाचारणाची जोपासना हे सर्व ख्रिस्ती समाजाचे कर्तव्य असल्याचे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. म्हणून पाचारण रविवारी प्रार्थना करताना, फडावर गेलेल्या कुटुंबांची मुले गावी राहून कशी शिकतील, याचाही विचार प्रत्येक धर्मग्रामाने करावा.