हळदीकुंकवाचा ध्वज आणि जोयड्याचा नागरिक

१ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव. त्या दिवशी राज्यभर पिवळा-लाल ध्वज फडकतो. बेळगावात मात्र मराठी भाषिक तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. अनमोड घाटापलीकडचा जोयडा तालुका या दोन टोकांच्या मधोमध उभा आहे. तेथे घरात कोकणी, वडीलधाऱ्यांच्या वाचनात मराठी आणि कचेरीत कन्नड. अशा नागरिकाने त्या ध्वजात काय पाहावे?

रंगांत परके काही नाही. पिवळा हळदीचा, लाल कुंकवाचा. दोन्ही घाटाच्या अलीकडे-पलीकडे सारखेच मंगल. अडचण आहे ती ध्वजाच्या जन्मकथेत. साठच्या दशकात म. राममूर्ती यांनी तो कन्नड पक्षासाठी तयार केला. म्हणजे तो मुळात भाषिक चळवळीचा ध्वज. राज्याचा म्हणून तो रूढ झाला, अधिकृत कधीच झाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेसमोर तो उभारला गेला, तेव्हा तो राज्याचा मान होता की चळवळीचा विजय, हा प्रश्न म्हणूनच सुटेना.

८ मार्च २०१८ रोजी सिद्धरामय्या सरकारने मध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर राजचिन्ह असलेला नवा ध्वज मांडला. या राजचिन्हातील गंडभेरुंड हा दोन मुखांचा पक्षी विजयनगरच्या नाण्यांवर दिसतो आणि पुढे म्हैसूरच्या वडियार घराण्याचे चिन्ह होतो. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या जोयड्याला, म्हणजे तेव्हाच्या सुपे तालुक्याला, हे चिन्ह राज्य पुनर्रचनेने दिले. तरीही ते शासनाचे चिन्ह आहे, एका भाषेचे नव्हे. त्या ध्वजाला केंद्राची मान्यता मात्र मिळालेली नाही.

स्पेनमधील कॅटलोनियाचा ध्वजही पिवळा-लालच आहे. तेथील १९७८ च्या राज्यघटनेने प्रादेशिक ध्वजांना मान्यता दिली आणि सरकारी इमारतींवर ते राष्ट्रध्वजासोबतच लावावेत, असे बंधन घातले. स्वातंत्र्यवाद्यांचा तारांकित ध्वज वेगळा आहे. त्यामुळे प्रांताला वंदन करताना चळवळीला वंदन करावे लागत नाही. आपली राज्यघटना राज्यांच्या ध्वजाला मनाई करत नाही, पण नियमही घालून देत नाही. या मौनाची किंमत सीमाभाग मोजतो.

पोर्तुगीज राजवटीच्या मानचिन्हातील संत कॅथरीनचे चक्र १५१० च्या विजयाची आठवण देत असे. आज गोव्याच्या राजचिन्हात दीपवृक्ष आहे. चिन्ह जिंकणाऱ्यांचे असावे की सर्वांचे, हा निर्णय गोव्याने घेतला. जोयड्याचा नागरिक अजून त्या निर्णयाची वाट पाहतो आहे.