श्रद्धा ज्याची त्याची, नाते सर्वांचे

सणाची खरी शोभा घरी येणाऱ्या माणसांत असते. दिवाळीला सासुरवाशीण माहेरी येते. ईदच्या दिवशी आप्तेष्ट एकमेकांना आलिंगन देतात. नाताळ साजरा करणाऱ्या मराठी घरांतूनही २५ डिसेंबरला करंज्यांची ताटे आप्तांकडे व शेजारी जातात. म्हणूनच अशा दिवशी आपली माणसे आली नाहीत, तर मन खिन्न होते. ती गावाच्या अंतरामुळे आली नसतील, तर मनाची समजूत घालता येते. श्रद्धेच्या अंतरामुळे आली नसतील, तर ते दुःख फार खोल जाते.

मराठी समाजाला हे दुःख अपरिचित नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ब्राह्मण कुळातील या कवीच्या निर्णयाने आप्तांना जबर धक्का बसला. पत्नी लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलासह काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकीकडे पतीवरील माया आणि दुसरीकडे बालपणापासून जपलेला आचार, अशा ओढाताणीत त्यांनी ते दिवस काढले. पुढे त्या पतीजवळ परत आल्या. पण आल्याबरोबर त्यांनी आपला धर्म सोडला नाही. स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत मोकळ्या मनाने सांगितली आहे.

मुलांनो, या हकीकतीतील क्रम नीट लक्षात घ्या. मते जुळण्यापूर्वीच लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या होत्या. आपण मात्र पुष्कळदा याच्या उलट वागतो. आधी त्याने आमच्यासारखे व्हावे, मग आम्ही त्याच्या घरी जाऊ, असा हट्ट धरतो. श्रद्धा ही हट्टाने बदलणारी वस्तू नव्हे. अशा हट्टाने नाते मात्र तुटते.

काही सज्जन म्हणतात, "सर्व धर्म एकच आहेत, मग दुरावा कशाला?" त्यांचा हेतू चांगला आहे. तरीही येशूला तारणारा मानणारा आणि विठ्ठलाच्या चरणी जीव वाहणारा, यांच्या श्रद्धांत खरोखरच भेद आहे. तो क्षुल्लक म्हटल्याने दोघांचाही मान राहत नाही. भेद मान्य करूनही प्रेम करता येते, हे शिकणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे. नवा मार्ग धरणाऱ्यानेही जुन्या मार्गाचा उपहास करू नये. टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांवरील प्रेम सोडले नाही. त्यांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग व भजने रचली, आणि मराठी ख्रिस्तमंदिरांतून ती आजही गाइली जातात.

नाताळची मूळ कथाही दाराशी येऊन थांबलेल्या माणसांचीच आहे. बेथलेहेम गावी योसेफ व मरिया यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. नवजात बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. ज्या सणाची कथा अशी आहे, त्या दिवशी तरी कोणाच्या घराकडे पाठ फिरवू नये, असे मला वाटते.

तुमच्या एखाद्या आत्याच्या किंवा काकांच्या घरी निराळा सण होत असेल, तर वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, "आपण त्यांना भेटायला जाऊ या का?" एवढे मात्र नम्रपणे विचारा. तेथील प्रार्थनेत सामील व्हावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. "आत्या, कशी आहेस?" असे विचारण्यास मात्र कोणत्याही धर्माची आडकाठी नाही. एका भेटीने अनेक वर्षांचा दुरावा मिटेलच असे नाही. कदाचित पहिल्या खेपेस दार अर्धेच उघडेल. पण कोणी तरी आधी उंबरठ्यापर्यंत गेल्यावाचून ते तेवढेही उघडणार नाही.