विश्लेषण : चाळिशीत चित्रकला शिकायची, पण नंदुरबारमध्ये परवडणारा वर्ग मिळणार कुठे?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांत चित्रकलेचे क्लास आहेत. सुट्टीतली शिबिरे होतात, शाळांच्या भिंतींवर परीक्षांचे निकालही झळकतात. पण चौकशीला गेलेला माणूस स्वतःसाठी आला आहे म्हटल्यावर अडचण सुरू होते. अंगणवाडी सेविका, दुकानदार, निवृत्त वाहक, मुले मोठी झालेली गृहिणी यांच्यासाठी वेगळी बॅच सहसा नसते. असलीच तर वेळ जुळत नाही आणि वेळ जुळली तर शुल्क परवडत नाही. हे कशामुळे होते आणि त्यातून वाट कशी निघू शकते, याविषयी.

क्लास मुलांचेच का असतात?

राज्यातील खासगी चित्रकला क्लासचे गणित कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांवर उभे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा शाळकरी विद्यार्थी देतात आणि त्यांच्या आधारे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालक पैसे मोजतात आणि क्लासचे वर्षभराचे वेळापत्रक परीक्षेभोवती फिरते. शिकवले जाते तेही त्याच मापाने : स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन.

प्रौढ नवशिक्याला यातले बरेचसे नको असते. त्याला शेताचा बांध, आजीचा चेहरा किंवा अंगणातला मोह काढायचा असतो. त्याला वेळ हवी ती रात्री सातनंतरची किंवा रविवारची. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर चार वाजता वीस मुले येतात आणि सातला एखादा मोठा माणूस. खोलीचे भाडे मात्र तेवढेच. शुल्क वाढते ते शिक्षकाच्या हावेपायी नव्हे, संख्या कमी असल्यामुळे.

मग महाग काय पडते?

रंग महाग असतात, हा समज सुरुवातीच्या टप्प्याला लागू होत नाही. पेन्सिली, खोडरबर, चित्रकलेची वही आणि जलरंगांची साधी पेटी एवढ्यावर पहिले तीन-चार महिने सहज निघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल आणि चारकोल यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. ज्याला हात बसवायचा आहे त्याला पहिले काही आठवडे तरी याहून जास्त काही लागत नाही. कॅनव्हास, ईझल आणि ॲक्रेलिकच्या नळ्या पहिल्याच दिवशी घ्यायला लावणारा क्लास टाळलेला बरा.

खरा खर्च रस्त्यावर होतो. धडगावहून शहादामार्गे नंदुरबार गाठायचे तर घाटाच्या रस्त्याने अर्धा दिवस जातो, परतीला उरलेला. मोलगी आणि अक्कलकुवा परिसराची स्थिती फार वेगळी नाही. रोजगार हमी योजनेची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. रोजंदारीवरच्या माणसाने आठवड्यातला एक दिवस चित्रकलेला दिला, तर महिन्याला १,२०० रुपयांहून अधिक मजुरी बुडते आणि तिकीट वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. दिलासा एवढाच, की मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. थोडक्यात, तालुक्याच्या गावी वर्ग सुरू झाला तर त्याचा सर्वाधिक फायदा ज्यांना होईल, त्या महिला आणि ज्येष्ठांसाठी प्रवासाची सोय आधीच स्वस्त झालेली आहे. नेमके त्यांच्यासाठी कोणी क्लास काढत नाही.

शाळेत चित्रकला झालीच नव्हती, तर?

शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील, तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. सातपुड्यातील पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या शाळांत हा आकडा गाठणे कठीण असते. त्यामुळे अनेकांसाठी 'पुन्हा सुरुवात' हा शब्दच चुकीचा ठरतो. त्यांची ही पहिलीच सुरुवात असते. परीक्षेच्या साच्यातला क्लास अशा माणसाला दोन आठवड्यांत नाउमेद करतो.

सरकारी योजनांत याला जागा आहे का?

कागदावर आहे आणि तीही बऱ्यापैकी स्पष्ट शब्दांत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षणाचे जे पाच भाग सांगितले आहेत, त्यात निरंतर शिक्षण हा एक आहे आणि त्याखाली कला, संस्कृती, क्रीडा, मनोरंजन यांचे अभ्यासक्रम येतात. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या इमारती, तसेच सार्वजनिक ग्रंथालयांची जागा प्रौढांच्या वर्गांसाठी वापरावी, असेही धोरण सांगते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा'ने हेच पाच भाग घेतले असून त्याची तरतूद १,०३७.९० कोटी रुपये आहे.

प्रत्यक्षात या कार्यक्रमाची ओळख साक्षरता चाचणीपलीकडे जात नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. त्यामुळे इथे अक्षरओळखीला प्राधान्य मिळणे समजण्यासारखे आहे. मात्र एका कामासाठी दुसरे बंद ठेवावे लागते असे नाही. शाळेची खोली रविवारी रिकामीच असते.

दुसरा मार्ग कौशल्य योजनांचा. जनशिक्षण संस्थांचे वर्ग १५ ते ४५ वयोगटासाठी असतात आणि त्यांचा भर शिवणकाम, ब्युटी पार्लर यांसारख्या कमाईच्या कामांवर असतो. चित्रकला त्यात शिरली तरी ती विक्रीयोग्य वस्तू म्हणून शिरते. पन्नाशीच्या माणसाला केवळ आवडते म्हणून चित्र काढायचे असेल, तर आपल्या योजनांच्या भाषेत त्यासाठी रकानाच नाही. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या नंदुरबारमध्ये तर कोणत्याही गोष्टीला आधी रोजगाराचा शिक्का लागतो, हे विशेष खटकते.

मोबाइलवर शिकता येईल?

काही प्रमाणात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक स्तरावर चित्रकला हा विषय आहे, त्याला कमाल वयाची अट नाही आणि त्याची पुस्तके हिंदी-इंग्रजीत संकेतस्थळावर मोफत मिळतात. परीक्षा न देताही ती वाचता येतात. यूट्यूबवर मराठी-हिंदीत धडेही भरपूर आहेत. पण व्हिडीओ आपली चूक दाखवत नाही. हाताचा कोन बदलायला सांगणारे कोणी समोर नसेल, तर नवशिक्या महिनोन्‌महिने तीच चूक गिरवत राहतो. शिवाय धडगाव-अक्कलकुव्याच्या अनेक पाड्यांवर व्हिडीओ चालण्याइतके नेटवर्क मिळणे हाच प्रश्न आहे. धडे गावी असताना उतरवून ठेवावेत आणि पंधरवड्यातून एकदा कोणाला तरी चित्रे दाखवावीत, हे त्यातल्या त्यात बरे.

गुरू भिंतीजवळच असेल तर?

नर्मदेपलीकडे अलीराजपूर आणि छोटा उदेपूर भागात पिठोरा चित्रांची जिवंत परंपरा आहे. आपल्याकडे काठीच्या होळीत अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी रंगवणारे हातही चित्रकाराचेच. कागदावर वळलेल्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. झाबुआ जिल्ह्यातील पिटोलच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना मिळालेल्या संधीत क्लास नव्हता. कामाच्या जागीच साहित्य होते, मोबदला होता आणि पाहणारा एक जाणकार होता.

केंद्र सरकारच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य परंपरा योजना अशाच नात्याला मासिक मानधन देते. एक पथ्य मात्र पाळायला हवे. पिठोरा हा नवसाचा विधी आहे. तो शिकायचा तर ज्यांचा आहे त्यांना विचारून, त्यांना मोबदला देऊन.

आज सुरुवात करायची तर?

एकट्याने क्लास शोधण्यापेक्षा आधी आठ-दहा जण जमवणे फायद्याचे. समजा, एखाद्या कलाशिक्षकाने महिन्यात चार वेळा दोन तास शिकवण्याचे ४,००० रुपये मागितले. दोघे असतील तर प्रत्येकी २,०००, दहा असतील तर ४००. जागेसाठी शाळेचे मुख्याध्यापक किंवा गावातले वाचनालय यांच्याकडे लेखी विनंती करता येते आणि तीत २०२० च्या धोरणाचा उल्लेख जरूर करावा.

दिवस आठवडे बाजाराचा निवडावा. त्या दिवशी पाड्यांवरची माणसे तशीही तालुक्याला येतात, वेगळी मजुरी बुडत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे होणारे स्थलांतर लक्षात घेता सलग सहा महिन्यांचा अभ्यासक्रम इथे टिकणार नाही. होळीनंतर आणि पावसाळ्यापूर्वी संपणारा आठ आठवड्यांचा टप्पा अधिक सोयीचा.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. एक तास बसून पाहता येईल का? साहित्य शुल्कात धरले आहे का? एखादा दिवस चुकला तर तो भरून मिळतो का? आणि चित्राचा विषय आपला चालेल, की परीक्षेतलाच नमुना गिरवावा लागेल?